आधी तिले

रविवार, ९ नोव्हेंबर

रीनाचा टाक परवा सकाळी सोनाराकडून येणार आहे. आज दुपारी जेवताना आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई शकुनबाईंनी, तसं जाहीर केलं आणि प्रफुल्लने मान हलवून दुजोरा दिला.

नागपूरला वर्तमानपत्राच्या डेस्कवर इतकी वर्षं काढली, की स्वतःची रोजनिशी लिहितानाही आधी ताजी गोष्ट, मग ती कोणी सांगितली आणि मग मागचं, असाच हात चालतो. तर मागचं असं. मी रक्षा. माझं हे पहिलं लग्न, प्रफुल्लचं दुसरं. त्याची पहिली बायको रीना तीन वर्षांपूर्वी तापाने गेली. आम्ही नागपुरात नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि आज भंडाऱ्याला घरी आलो.

वाटेत दोन्ही बाजूंना धानाची कापणी चाललेली. गाडीच्या काचा खाली करून आलो. प्रफुल्ल तांदळाचा व्यापारी, त्यामुळे वाटभर तो शेतं ओळखत होता, हे जयश्रीराम, ते चिन्नोर. मला सगळा धान सारखाच दिसत होता, पण ऐकायला छान वाटलं. दारात माप ओलांडलं, शेजारच्या गुलाबताईंनी ओवाळलं. खोलीला पूर्वेची खिडकी आहे. रात्रपाळीच्या नोकरीत सकाळ कशी असते ते मी विसरून गेले होते. उद्या उशिरा उठणार नाही, ठरवलंय.

टाक म्हणजे चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. बिजवराशी लग्न केलेल्या बाईने तो काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचा. नवं लुगडं, फूल, गोडधोड, सगळं आधी त्या टाकाला दाखवायचं आणि मग आपण घ्यायचं. मेलेल्या सवतीचा मान. एका दिवाळी पुरवणीत या विषयावरच्या लेखाला मीच मथळा दिला होता. आता मथळ्याखाली मीच आले. हसून हो म्हटलं. पहिल्या दिवशी कोण भांडतं?


मंगळवार, ११ नोव्हेंबर

टाक आला. कैलाश सोनार स्वतः घेऊन आले. भिंतीवरचा रीनाचा हार घातलेला फोटो पाहून ठोकला म्हणे. तसे चार ठिपके आणि दोन रेघा, पण नाक जरा बसकं आहे, तिच्यासारखं.

आईंनी माझ्या मानेमागे दोऱ्याला गाठ मारली आणि ओढून पाहिली. गोऱ्ह्याला खुंट्याशी बांधल्यावर दावं ओढून पाहतात तशी. मग चिन्नोरची खीर. चमचा आधी टाकाला लावला, मग माझ्या तोंडाला. म्हणाल्या, "आधी तिले, मंग तुले."

पुढे त्या असंही म्हणाल्या, की माझ्या पोराच्या नशिबी दोन लिहिल्या होत्या, तुह्या नशिबी एकच, तवा तू सांभाळून राहा. सगळे हसले. मीही हसले.

घर चांगलं आहे. फक्त ते रीनाच्या हाताचं आहे. ती डावखुरी होती. लायटर शेगडीच्या डावीकडे, पळ्यांचे खिळे डावीकडे, पाण्याचा गुंडही डावीकडे. मी दिवसभर उलटी वळत असते. प्रफुल्ल तिने आणलेल्या टवका उडालेल्या कपातच चहा घेतो. मी नवे कप काढले, तर त्याने ते पाहुण्यांसाठी वर ठेवून दिले.

आणि तो मला रक्षा म्हणतो. स्पष्ट, पूर्ण, पावतीवर लिहावं तसं. गुलाबताई सांगत होत्या, की रीनाला तो गल्लीच्या टोकावरून "अवं" म्हणून हाक मारत यायचा. अख्ख्या गल्लीला कळायचं, आला म्हणून. दोन अक्षरं. मला त्यांचा हेवा वाटला, हे इथे लिहून ठेवते, बाहेर बोलणार नाही.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मला माझी जागा सापडली. नदीकाठची जुनी गोऱ्यांची स्मशानभूमी. गावात तिला मडमेची बाग म्हणतात.

आज जेवणानंतर सहज चालत गेले. वैनगंगेच्या अलीकडे उतारावर, समोर पलीकडच्या काठावर कारध्याची घरं दिसतात. लोखंडी फाटकावर लिलीची फुलं ओतलेली, अर्धी गंजलेली. आत गेलं की कबरी एका रांगेत नाहीत. वाटा वळत वळत जातात आणि प्रत्येक वळणावर एक थडगं, त्यामागे सुरूचं नाहीतर चाफ्याचं झाड, बाजूला दगडी बाक. त्या काळी विलायतेत म्हणे अशाच बागा करत. मेलेल्यांना भेटायचं आणि फेरफटकाही मारायचा. दगडी कलश, माती धरलेली देवदूताची मूर्ती, कुंपणावर मोकाट गेलेला पांढरा गुलाब. ऊन पानांतून खाली येतं आणि नदीवरचा वारा मधून लागत राहतो.

मी तासभर बाकावर बसले. मला कोणीही, हे तिचं आहे, असं म्हणालं नाही.

घरी येऊन प्रफुल्लला मुद्दाम विचारलं, रीना कधी जायची का तिकडे. तो म्हणाला, नाही, तिला कबरींची फार भीती, ती फाटकापाशीसुद्धा थांबत नसे. मला इतका आनंद झाला, की त्याला दुसरी पोळी गरम करून वाढली.

या गावात एक तरी गोष्ट अशी हवी, जिथे मी पहिली आहे.


सोमवार, १७ नोव्हेंबर

रोज जाते. तिथे झाडलोट करायला बायाबाई असते. कारध्याची. तिचा नवरा मुरारी नदीत जाळं टाकतो आणि ती इथे पाला गोळा करते. मला म्याडम म्हणते. पहिल्याच दिवशी झाडू टेकवून म्हणाली, "दोन मडम आधीच हायेत इथं. तिसऱ्या तुमी."

त्या दोन मडमांची गोष्ट आज तिने सांगितली. बागेच्या मधोमध तीन दगड आहेत. मधला जंगलखात्याच्या एका साहेबाचा. उजवीकडे त्याची पहिली बायको एडिथ, डावीकडे दुसरी, मेबल. दगडावर तेवढंच वाचता येतं, बाकी शेवाळाने खाल्लंय. एडिथ लवकर गेली. साहेबाने दुसरं लग्न केलं. ही मेबल मग रोज दुपारी एडिथच्या थडग्यापाशी येऊन बसायची, तिच्याशी भांडायची म्हणे, इंग्रजीत. वर्षाच्या आत तीही इथेच आली.

मी विचारलं, मग साहेब एकटाच राहिला का? बायाबाई म्हणाली, तेच तर. तिचा आजेसासरा बंगल्यावर मासोळी द्यायला जायचा. दोघी गाडून झाल्या, तरी बंगल्यावर एक मडम होतीच. मासोळी तीच हातात घ्यायची. कोणती होती, ते विचारायची त्याची छाती झाली नाही.

मी म्हटलं, तिसरी केली असेल साहेबाने. बायाबाई पाला ओढत पुढे गेली. चौथा दगड तिथे नाही, एवढं खरं.


बुधवार, १९ नोव्हेंबर

शांतपणे लिहिते.

आज माझा वाढदिवस. प्रफुल्लने नागपूरहून निळी शाल मागवली होती. घडी उघडली, आणि आईंनी लगेच आठवण करून दिली, आधी तिले. मी शालीचं टोक टाकाला लावलं. तेही चाललं असतं. पण प्रफुल्ल शालीकडे पाहत, अगदी मऊ आवाजात म्हणाला, की निळा रंग तिला फार खुलायचा.

त्याला कळलंही नाही. तो चहा प्यायला गेला.

मी शाल पांघरली आणि बागेत गेले. भरदुपार होती, बायाबाई नव्हती. पर्समधल्या कात्रीने दोरा कापला. मान एकदम हलकी झाली. टाक एडिथच्या थडग्यावर, पायाशी ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, की घ्या, तुमच्याच जातीची आहे, पहिली. सांभाळा हिला.

परत येताना मला गाणं सुचत होतं.

आईंना कळू नये म्हणून त्याच दोऱ्यात प्रफुल्लच्या जुन्या शर्टाचं बटण ओवलंय. रात्री त्यांनी पदरावरूनच खिरीचा चमचा बटणाला लावला. आधी तिले. मला हसू दाबवेना.


शनिवार, २२ नोव्हेंबर

चांगले दिवस आहेत. प्रफुल्ल मोकळा झालाय. दुकानातून लवकर येतो, गुणगुणतो. आईंनी आज खिरीच्या वेळी काही म्हटलंच नाही, सरळ सगळ्यांना वाढलं. मला वाटलं, चला, विसरल्या एकदाच्या.

आणि आज दुपारी, मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तर गल्लीच्या टोकावरून आवाज आला. "अवं, ऐकलं का?"

चिमटे हातातून पडले. मी धावत फाटकापाशी गेले. तो येत होता, हसत, हातात पिशवी. मी त्याच्यासमोर उभी राहिले. तो तसाच हसत होता. पण तो माझ्या खांद्यावरून मागे, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होता.

मागे वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं. पडदा हलत होता.

घरात आवळ्याच्या तेलाचा वास येतो. मी आवळ्याचं तेल लावत नाही.


सोमवार, २४ नोव्हेंबर

रीनाचा फोटो भिंतीवर नाही. खिळा आहे, चौकोनी डाग आहे. आईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जित्या माणसाच्या फोटोले हार कोण घालते वो?"

 त्या गमतीत बोलल्या असतील, असं स्वतःला सांगितलं. मग शाल घ्यायला खोलीत गेले. शालीचे काठ ओले. गवताची कुसळं चिकटलेली, बागेतल्या गवताची. मी तर दोन दिवस ती पांघरली नव्हती.

तशीच निघाले. टाक परत आणायचा, गळ्यात घालायचा, विषय संपवायचा.

टाक नव्हता. एडिथचा दगड स्वच्छ. बायाबाई होती. तिला विचारलं, इथे चांदीचं काही दिसलं का. ती म्हणाली, "तुमीच तं नेलं सकारी. निळी शाल होती अंगावर. मी हाक मारली, तुमी वळल्या नाही."

मग मी तिला सगळं सांगितलं. तिने हातातला झाडू खाली ठेवला. तिला असं काही खाली ठेवताना मी प्रथमच पाहिलं.

"काहून उतरवलं वो म्याडम? तिचा मान समजल्या काय तुमी? दावं हाये ते. गळ्यात असते तवरी ते पहिली बांधून राहाते. आधी तिले म्हणून तोंडाले लावतो, का तिनं भुकेली राहून तुमच्यातलं ओढू नये."

म्हणजे ती गाठ. आई जी ओढून पाहत होत्या, ती.

मी म्हटलं, आता काय करायचं. तिने डावीकडच्या दगडाकडे पाहिलं. मेबलच्या. आणि मला म्हणाली, घरी जा, लवकर जा, अन् आपली जागा सोडू नका.


गुरुवार, २७ नोव्हेंबर

तीन दिवस जागा सोडली नाही. स्वयंपाकघरात उभी आहे, पलंगावर माझ्याच बाजूला झोपते. आईंना टाकाचं सांगितलं, दोनदा. त्या माझ्याकडे बघतात, पण जरा बाजूला, डोळ्यात कचरा गेल्यासारख्या.

आज सकाळी अंघोळ करून आले, तर शेगडीपाशी ती होती.

पाठमोरी. निळी शाल. डाव्या हाताने लायटर ओढला आणि शेगडी पेटली, पहिल्याच झटक्याला. माझ्याने कधी पेटत नाही पहिल्या झटक्याला. आई तिच्याशी वांग्याच्या भाजीबद्दल बोलत होत्या. ती हसली. मी तिचं हसू कधी ऐकलेलं नाही, तरी ओळखलं.

मी ओरडले. खरंच ओरडले. आईंनी अंगावर काटा आल्यासारखा पदर घट्ट ओढून घेतला. बस्, एवढंच.

दुपारी त्यांनी पहिलं वाढलं ते पानात. भात, भाजी, वर खीर. पान उंबऱ्याबाहेर अंगणात ठेवलं आणि म्हणाल्या, आधी तिले.

मी बाहेर उभी होते. मला भूक लागली होती.

मी खाल्लं.


शनिवार, २९ नोव्हेंबर

खिळ्यावर फोटो आहे. हार आहे. नागपूरचा, नोंदणी कार्यालयाबाहेरचा. मी चष्मा काढून हसतेय. अर्धा फोटो दुमडलाय, प्रफुल्लची बाजू आत—

गुलाबताई आल्या होत्या. तिला म्हणाल्या, बिचारी नागपूरची, महिनाभरही नांदली नाही. ती हो म्हणाली. माझ्या कपात चहा दिला तिने त्यांना. पाहुण्यांच्या कपात. वरून काढून. त्याने काढून दिले. तिला काढून देतो.

कैलाश सोनार आले. फोटोसमोर बराच वेळ उभे होते. चष्मा दाखवायचा का, विचारत होते.

तारीख माहीत नाही

बागेत आहे. कधी आले, आठवत नाही. फाटकापर्यंत जाता येतं. पुढे पाय—

लिलीचं लोखंड हाताला लागतं. गार.

बायाबाई झाडते. माझ्या बाकाभोवतीचा पाला तेवढा सोडते. मान वर करत नाही. हाक मारली. ती मेबलच्या दगडाशी थांबली आणि हळूच म्हणाली, तिसऱ्या.

दुपार आहे. इथे दुपारच असते.

ते आले. दोघं. फिरायला, जोडीने, वळणावळणाच्या वाटेने. ती कबरींना भीत नव्हती. तिने माझ्या बाकावर हात ठेवला, डावा हात, आणि इकडेतिकडे पाहत म्हणाली, किती छान जागा आहे, आपण येत जाऊ. माझी जागा. ही एकच—

त्याच्या खांद्यावर तिच्या शालीचं टोक. माझ्या शालीचं—

मी त्याच्यासमोर उभी राहिले. रक्षा म्हण, म्हटलं. एकदा. पावतीवर लिहावं तसं.

त्याने कुंपणावरचा पांढरा गुलाब तोडला. तिला द्यायला. ती नको म्हणाली. बाकाकडे बोट केलं. आधी तिला, म्हणाली.

फूल माझ्या मांडीवर आहे. पहिलं मला मिळालं. सगळं आता आधी मला—

माझा टाक उद्या सकाळी येणार आहे. सोनाराचा फोन आला होता, असं जाताना फाटकापाशी तो तिला सांगत होता. अवं म्हणाला आणि मग सांगितलं. काळा दोरा आणलाय. आई गाठ मारतील, ओढून पाहतील. ती घट्ट बसवून घेईल, ती माझ्यासारखी वेडी नाही. मग चिन्नोरची खीर होईल. चमचा आधी मला लावतील, मग—